वर्षभराची अत्तरं : पावसाला मिट्टी, उन्हाळ्याला वाळा, थंडीला शमामा... तुम्ही कशी निवडता?

कुपीभर, पुणे

नमस्कार मंडळी. स्प्रेवाले परफ्यूम बरीच वर्षं वापरून झाले आणि गेल्या दिवाळीपासून मी पूर्ण अत्तरांकडे वळलेय, म्हणजे बिनअल्कोहोलचं, कुपीतलं, काचेच्या काडीने लावायचं तेच. आता डोक्यात असं आहे की एकच मोठी बाटली घेऊन वर्षभर तीच वापरण्यापेक्षा ऋतूप्रमाणे लहान लहान कुप्या जमवायच्या, तीन-तीन एमएलच्या, आणि एकच अत्तर दोन-तीन दुकानांतून आणून शेजारी शेजारी लावून बघायचं. पाऊस तोंडावर आलाय म्हणून सुरुवात मिट्टीने, म्हणजे मातीच्या वासाच्या अत्तराने केली.

तर तीन वेगवेगळ्या ठिकाणची मिट्टी आणली, तिन्हींवर कन्नौज (उत्तर प्रदेशातलं अत्तरांचं गाव) लिहिलंय आणि तिन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही! पहिली लावल्या लावल्या कोरड्या ढेकळांवर पाणी शिंपडल्याचा वास, एकदम जोरात, पण अर्ध्या तासात गायब. दुसरीला सुरुवातीला वासच नव्हता जवळपास, मग हळूहळू नव्या माठाचा वास वर आला, त्याखाली चंदन, आणि रात्री झोपताना सुद्धा मनगटावर होतीच. तिसरी गोडूस, बीट चिरताना येतो तो वास, आणि हाताला तेलकटपणा बराच वेळ राहिला. किमतीत पण जमीन-अस्मानाचा फरक, दुसरी सगळ्यात महाग.

मला विचारायचंय ते असं की हा फरक नेमका कशाने पडतो, आणि तुलना करायची तर नीट पद्धत काय. दुसरं म्हणजे, प्रत्येक ऋतूला तुम्ही काय लावता आणि का, म्हणजे नुसतं "थंडीत गरम, उन्हाळ्यात थंड" असं दुकानदार सांगतात त्यापलीकडचं काहीतरी सांगा. आणि आपल्याकडची फुलं, बकुळ, सोनचाफा, पारिजात, सुरंगी यांची खरी अत्तरं निघतात का? नाव लिहिलेल्या बाटल्या दिसतात पण विश्वास बसत नाही. सगळं वाचणार आहे, कितीही मोठं लिहिलंत तरी चालेल.


रानवाळा, कोल्हापूर

कुपीभर ताई, ती दुसरी कुपी जपून ठेवा, तिघींत खरी तीच वाटतेय.

फरक बेसचा आहे. अत्तर म्हणजे नुसता फुलाचा किंवा मातीचा अर्क नसतो, तो अर्क कशात तरी धरून ठेवलेला असतो आणि जुन्या पद्धतीत ते म्हणजे चंदनाचं तेल. कन्नौजला मी मुद्दाम मिट्टीसाठीच गेलो होतो, मे महिन्यात, कारण मिट्टीचं काम पावसाच्या आधीच्या कोरड्या दिवसांत चालतं. तळ्याची सुकी माती घेऊन तिच्या चपट्या टिकल्या करतात, त्या भट्टीत हलक्या भाजतात आणि तांब्याच्या मोठ्या डेगेत पाण्याबरोबर घालतात. डेगेचं तोंड ओल्या मातीने लिंपून बंद, खाली लाकडं-गोवऱ्यांचा जाळ, आणि तिथून बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, निघतो तो पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गार करून धरणाऱ्या भांड्यात जातो. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफ येते, थंड होते, मातीचा वास तेलात उतरतो, पाणी खालून काढून टाकतात, आणि परत नवीन माती, परत जाळ, भपक्यात तेल मात्र तेच. असं बरेच दिवस. मला जे बघायला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिथला म्हातारा कारागीर हौदातल्या भपक्यावरून सारखा हात फिरवत होता, तळहाताला किती गरम लागतंय त्यावरून जाळ कमी करायचा की भपका बदलायचा हे ठरवत होता. थर्मामीटर नाही, काही नाही. शेवटी अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात, त्यातून उरलंसुरलं पाणी हळूहळू उडून जातं.

आता चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर गेल्यावर काय होणार, तर बरेच जण लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी नावाचं बिनवासाचं तेलकट रसायन वापरतात. मग वास असतो पण त्याला आधार नसतो, आणि हाताला नुसता ओशटपणा राहतो. पॅराफिनवरची मिट्टी म्हणजे पाणी घालून वाढवलेली आमटी, चव लागते पण पोट भरत नाही. तुमच्या तिसरीतला बीटाचा वास हा जिओस्मिनचा असणार. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू हे जिओस्मिन तयार करतात, बीटातही तेच असतं आणि माणसाच्या नाकाला ते अगदी नगण्य प्रमाणात पण कळतं. लॅबमधलं जिओस्मिन थेंबभर टाकलं की मातीचा आभास तयार होतो, माझा अंदाज तिसरी अशीच जुळवलेली आहे. पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी 'नेचर' मधल्या लेखात दिलं. वाळलेल्या माती-दगडांत एक तेलकट द्रव्य साठलेलं असतं आणि ओल लागली की ते हवेत येतं, असं त्यांनी दाखवलं. आणि तो वास उत्तर प्रदेशातले अत्तरवाले चंदनाच्या तेलात आधीपासूनच पकडतायत हे त्यांनाही माहीत होतं.

तुलना करायची माझी पद्धत : एका वेळी दोनच, एक डाव्या हाताला एक उजव्या हाताला, मनगटावर नको तर कोपराच्या आतल्या बाजूला, कारण मनगट धुतलं जातं आणि घड्याळाचा पट्टा लागतो. घासायचं नाही. सुरुवातीचा वास लक्षात ठेवायचा पण त्यावर निकाल द्यायचा नाही, खरा निकाल दोन-तीन तासांनी. शिवाय कागदाच्या पट्टीवर पण एकेक थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा, चंदन असेल तर तिथे दुधाळ, मऊ वास शिल्लक असतो. कागदावर तेलाचा डाग राहिला म्हणजे भेसळ असं काही जण सांगतात त्यावर जाऊ नका, चंदनाचं तेल पण जड असतं, त्याचाही डाग राहतोच. वास काय उरला ते बघा.

आणि एक, मिट्टी एसीत बसून तपासू नका हो. खिडकी उघडा, बाहेर ढग आलेले असताना, हवेत दमटपणा असताना लावा. तेच अत्तर पूर्ण वेगळं कळतं.


केवड्याचं_बन, दापोली

छान विषय काढलास ग. मिट्टीबद्दल रानवाळाने सगळं सांगितलंच आहे, मी आपल्या फुलांबद्दल सांगते.

पावसाळ्याचं म्हणशील तर माझ्यासाठी पहिला मान केवड्याला. आमच्याकडे खाडीच्या कडेने बनं आहेत, श्रावण-भाद्रपदात कणसं येतात, गौरी-गणपतीत वेणीत केवड्याचं पातं हवंच आणि उरलेलं साड्यांच्या घडीत ठेवलं की दसऱ्याला साडी काढली तरी वास येतो. पण अत्तराचा केवडा कोकणातला नसतो, तो ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातला, तिकडे समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात याचा मोठा धंदा आहे. कणसं पहाटे तोडतात आणि भट्ट्या पण जवळच असतात, कारण कणीस शिळं झालं की वास उतरतो. अत्तराला नर झाडाचंच कणीस लागतं. बिर्याणीतलं केवडा जल येतं ते पण याच कामातून.

केवड्याचं अत्तर फार जोरकस असतं हे लक्षात ठेव. बाटलीतून थेट हुंगलंस तर डोक्यात जाईल आणि तुला वाटेल हे आपलं नाही. एक अगदी बारीक थेंब कानाच्या पाळीमागे, किंवा कापसाच्या फायाला लावून फाया पर्समध्ये टाक. मी काय करते, चंदनाचं अत्तर आधी लावते आणि त्यावर केवड्याची नुसती काडी टेकवते. मग तो तिखटपणा मागे जातो आणि मधासारखी गोडी पुढे येते. दोन दुकानांचा केवडा शेजारी लावला की फरक लगेच कळतो, चांगल्यात पानाचा हिरवा वास पण असतो, हलक्यात नुसतीच मिठाई.

बकुळीचं अत्तर निघतं, नक्की निघतं, पण कन्नौजवाल्याकडे मौलसरी म्हणून विचार. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे, लहानपणी वहीत ठेवायचो त्या माळा, आणि त्यामुळेच ती डेगेतली उष्णता सहन करत असावी असं मला वाटतं. चंदनावरची मौलसरी मी घेतली होती, सुरुवातीला जरा गवती वाटली पण तासाभरात तीच ती बकुळ, थोडी मधाळ, थोडी धुळकट. पारिजात हरसिंगार नावाने मिळतो, सोनचाफा चंपा नावाने. सोनचाफ्याच्या बाबतीत मात्र फार जपून, बाजारातला बहुतेक चाफा जुळवलेला असतो. ओळखायचं कसं, तर खऱ्या सोनचाफ्यात पिकलेल्या फळाचा एक जडपणा असतो, चहाच्या पत्तीचा वास पण सापडतो, आणि तो दर अर्ध्या तासाने बदलत जातो. जुळवलेला सकाळी जसा तसाच संध्याकाळी.

सुरंगी विसर. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडे ये आणि गजराच माळ. खात्रीची सुरंगी मला बाटलीत अजून भेटलेली नाही आणि ज्या भेटल्या त्यांत सुरंगी नव्हती.


उन्हाळी_पाखरू, अकोला

उन्हाळ्यावर बोलायचा हक्क आम्हा वऱ्हाडवाल्यांचाच! ४४-४५ डिग्रीत काय टिकतं आणि काय नकोसं होतं हे इकडे आपोआप कळतं.

वाळा सगळ्यात वर. घरात कूलरला वाळ्याच्या ताट्या, माठात वाळ्याची जुडी, त्यामुळे तो वास आला की अंगालाच कळतं की आता गार होणार. पण वाळ्यात दोन प्रकार नीट समजून घ्या नाहीतर तुलना चुकते. एक रूह खस, म्हणजे नुसतं वाळ्याच्या मुळांचं तेल, बेस काही नाही. दुसरं खसचं अत्तर, म्हणजे तेच चंदनावर किंवा दुसऱ्या कशावर. रूह फार घट्ट असतं, हिरवट रंगाचं, तो रंग तांब्याच्या डेगेमुळे येतो. पहिल्यांदा लावलं तर ओल्या मुळांचा, चिखलाचा, जरा कडवट वास येतो आणि लोक घाबरून बाटली ठेवून देतात. थांबा. तासाभराने त्यातून जो हिरवा गारवा निघतो तो दुसऱ्या कशातच नाही. आणि गंमत बघा, मुळं खणायचं काम हिवाळ्यात चालतं, तेव्हा उन्हाळ्यात आपण जे लावतो ते थंडीत काढलेलं असतं. उत्तर प्रदेश-राजस्थानकडचा जंगली वाळा एक, जावाचा धुरकट, हैतीचा स्वच्छ आणि जरासा लिंबाळ. तिन्ही मिळवता आले तर शेजारी लावून बघाच, एकाच गवताची मुळं आहेत यावर विश्वास बसणार नाही. माझं मत विचाराल तर आपलाच, बाकी दोन मला ऑफिसचे वाटतात.

गुलाबाचा हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, हाथरस-अलिगढ-कन्नौज पट्ट्यातला दमास्क गुलाब. एक किलो गुलाब तेलाला साधारण चार टन पाकळ्या लागतात, तेव्हा शंभर रुपयांत प्युअर गुलाब देणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा. नवीन हंगामाचं अत्तर लगेच घेतलंत तर त्याला ताज्या भट्टीचा, शिजल्याचा वास असतो, काही महिने मुरू द्यावं लागतं. म्हणून मी एप्रिलचा गुलाब घेऊन ठेवतो आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडतो.

मोगरा आवडतो पण मी दुपारी लावत नाही. कडक उन्हात मोगऱ्याचा तो जड, जनावरी भाग वर येतो आणि बंद बसमध्ये शेजाऱ्याला त्रास होतो. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं, आंघोळ झाली, पांढरा सदरा घातला की मग लावायचा. मोगऱ्याची कळी पण संध्याकाळनंतरच उमलते, मग आपण दुपारी कशाला घाई करायची.

आणि गरमीत प्रमाण अर्धं करा. उष्णतेने तेल लवकर उडतं, त्यामुळे वास एकदम जोरात येतो आणि लवकर संपतो. थोडं लावा, दुपारी परत लावा. एकदाच भरपूर लावलं तर सकाळी लोकांना त्रास आणि संध्याकाळी तुमच्याजवळ काहीच नाही.


कुपीभर, पुणे

तुम्ही लोक कमाल आहात! रानवाळा दादा, तुम्ही सांगितलं तसं काल केलं, पहिली डाव्या कोपरात, दुसरी उजव्या, आणि गच्चीवर जाऊन बसले, सिंहगडाच्या बाजूने ढग भरून आले होते. पहिली एकदम छान उठली, मला वाटलं हीच जिंकणार, आणि मग खरंच संपली, कोपरात नुसता चिकटपणा. दुसरीत आधी भाजलेल्या मातीचा, मडक्याचा वास, मग मध्ये एक टप्पा आला जिथे ती ओली झाली, म्हणजे माती भिजल्याचं जाणवलं, आणि नंतर चंदन. हा मधला टप्पा मला खोलीत बसून कधी कळलाच नव्हता.

केवड्याचं_बन मावशी, मौलसरी नाव वहीत लिहून घेतलं. चंदनावर केवडा टेकवायचं पण नक्की करणार गौरीला.

आता थंडीचं कोणीतरी सांगा. शमामा आणि हिना यांत मी फार गोंधळलेय, एका दुकानात हिना मागितलं तर मेंदीच्या फुलाचं दिलं, दुसऱ्यात मसाल्यांचं काहीतरी काळपट दिलं, आणि दोघेही म्हणाले हेच खरं.


स्वेटरवाली, न्यू जर्सी

दोघंही बरोबर होते. मेंदीच्या फुलांचं असतं त्याला गुलहिना म्हणतात, ते हलकं, फुलाचं, थोडं चहासारखं, आणि ते उन्हाळा-पावसाचं. नुसतं हिना म्हणून जे काळपट, मसालेदार मिळतं ते बऱ्याच जिनसांचं मिश्रण आणि शमामा त्याचाच आणखी भरगच्च भाऊबंद. शमामात प्रत्येक घराण्याची कृती वेगळी आणि गुप्त, पण नेहमीच्या जिनसा बघ : दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, केशर. आता यातलं निम्मं आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात आणि उरलेलं निम्मं दिवाळीच्या उटण्यात! त्यामुळे मराठी नाकाला शमामा पहिल्याच दिवशी ओळखीचा लागतो, माझ्या इथल्या मैत्रिणींना तो समजायला वेळ लागला. यातलं दगडफूल फार महत्त्वाचं, ते फूल नसून खडक-झाडांवर वाढणारं शैवाक आहे, आणि फ्रेंच परफ्यूममध्ये ओकमॉस म्हणून जे वापरतात ते पण शैवाकच, म्हणून दोन्हीकडे तो जंगलाच्या तळाचा वास सापडतो.

मी राहते तिथे जानेवारीत बर्फ असतो आणि मिट्टी, गुलाब, मोगरा सगळं त्वचेवर मुकं होतं. हवा थंड आणि कोरडी असली की तेल उडतच नाही, नाक पण बधिर. जड तेलांनाच काम करता येतं. शमामा मी गळ्याच्या खळग्यात आणि लोकरीच्या मफलरच्या आतल्या बाजूला लावते, मग अंगाची ऊब लागून तो हळूहळू सुटत राहतो, मेट्रोत मफलर सैल केला की एकदम केशर-वेलची वर येते. लोकरीवर दुसऱ्या दिवशी पण असतो. डाग पडतो बरं का, गडद रंगाचाच मफलर घ्यायचा.

ऋतूप्रमाणे गंध ही काही दुकानदारांनी काढलेली टूम नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंताच्या चर्येत केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूचा धूप सांगितलाय, उन्हाळ्यात चंदन. हे माझ्या आजीकडून ऐकलं होतं, मग मूळ श्लोक वाचला तेव्हा फार आनंद झाला. कस्तुरी अर्थात आता नकोच, कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, बाजारात मस्क म्हणून मिळतं ते लॅबमधलं किंवा मग कस्तुरभेंडीच्या बियांचं. बियांचं मिळालं तर घे, मऊ असतं, त्वचेचाच वास वाटतो. अगरू म्हणजे ऊद, आसामचा घेतलास तर सुरुवातीला गोठ्याचा वास येईल, तो अर्धा तास सहन कर, पुढे सुकं लाकूड आणि मध. नाजूक नाकाच्या माणसाने ऊदापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी शमामा पचवावा.

आणि लवंग-दालचिनी असलेलं कुठलंही अत्तर मानेला लावायच्या आधी हाताच्या आत थेंबभर लावून एक दिवस वाट बघ. काहींना पुरळ येतं.


तोळाभर, ठाणे

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ऋतूचे कप्पे इतके पक्के करू नयेत. मुंबई-ठाण्यात थंडी म्हणजे जेमतेम, मग आम्ही शमामा लावायचाच नाही का? मी हिना भर जुलैत लावतो. धो धो पाऊस, ओली छत्री, लोकलचा डबा, कपडे नीट न वाळल्याचा वास सगळीकडे, आणि त्यात हिना लावला की त्या दमट हवेत मसाला आणि चंदन इतकं स्वच्छ पसरतं, ऊबदार वाटतं. उलट मिट्टी मला पावसात लावावीशी वाटत नाही, बाहेर खरीखुरी असताना बाटलीतली कशाला? मी ती मार्च-एप्रिलमध्ये लावतो, जेव्हा पाऊस लांब असतो आणि आठवण येते. माझा मुद्दा एवढाच की हवा कोरडी आहे का दमट, गरम आहे का गार, आणि तुमची त्वचा तेलकट आहे का सुकी, हे बघून ठरवा, कॅलेंडर बघून नको. सुक्या त्वचेवर अत्तर लवकर विरतं, तिथे आधी साधं खोबरेल लावून मग अत्तर लावलं तर जास्त टिकतं.

कुपीभर, खरेदीचं थोडं सांगतो. मोहम्मद अली रोडला जात असशील तर सकाळी जा, रमजानच्या संध्याकाळी वातावरण भारी असतं पण सगळीकडे इतके वास की तुलना होत नाही. तोळ्यावर विक्री चालते, दुकानात तोळा म्हणजे १२ एमएलची बाटली धरतात, तू पाव तोळा माग, देतात. पहिला प्रश्न "बेस काय आहे" हाच विचार. चांगला दुकानदार सरळ सांगतो की हे चंदनावरचं, हे साधं, आणि भाव पण तसे सांगतो. जो म्हणतो आमच्याकडे सगळंच शंभर टक्के प्युअर, तिथून मी निघतो. एका फेरीत तीन-चारच हुंग, नाक थकलं की स्वतःच्या शर्टाची बाही हुंगून परत सुरू कर. आणि हातावर लावून घेऊन चक्कर मारून ये, चहा पी, मग ठरव. त्याच वेळी पैसे दिले की पहिल्या वासाचे पैसे दिले जातात.

साधं असलेलं वाईटच असतं असंही नाही. रोज ऑफिसला लावायला दीडशे रुपयांचा साधा मोगरा छान आहे, मला आवडतो. फक्त तो साधा म्हणून मिळावा, प्युअरच्या भावात नको. ज्यांना फारच खात्री हवी असेल आणि बरंच महाग घेणार असतील त्यांच्यासाठी कन्नौजला एफएफडीसी आहे, सुगंध आणि स्वाद विकास केंद्र, १९९१ पासूनची सरकारी संस्था, तिथे नमुना तपासून मिळतो.


केवड्याचं_बन, दापोली

तोळाभर, मार्चमध्ये मिट्टी हे मला पटलं हो. पण हिना जुलैत नाही पटत, माझं डोकं दुखेल. ठाण्याच्या लोकलमध्ये चालत असेल.


कुपीभर, पुणे

स्वेटरवाली ताई, गोडा मसाला आणि उटणं वाचून मी खरंच डबा उघडून दगडफूल हुंगून आले! आता शमामा घेणारच, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लावेन, तेव्हा पुण्यात पहाटे गारठा असतो.

तोळाभर दादा, तुमचं पटलं आणि नाही पण. हवा बघायची हे पटलं. पण गुलाब एप्रिलचा, केवडा भाद्रपदातला, हे फुलाचं वेळापत्रक मला पण पाळावंसं वाटतं, त्यातच मजा आहे.

शेवटचे दोन प्रश्न. इतक्या कुप्या ठेवायच्या कशा? आणि दसऱ्यासाठी झेंडूचं अत्तर बघितलं, गेंदा नावाने, हुंगल्यावर हिरवं सफरचंद आणि चुरगळलेली पानं, मला प्रचंड आवडलं. कोणी वापरलंय का?


रानवाळा, कोल्हापूर

ठेवायचं म्हणजे उजेड आणि उष्णतेपासून लांब, एवढंच पथ्य. कपाटात, लाकडी डबीत, बाथरूममध्ये नको. काचेच्या कुप्या, झाकण पण काचेचं किंवा घट्ट बसणारं, प्लास्टिकच्या बाटलीत तेल राहू देऊ नका. प्रत्येक कुपीवर चिकटपट्टी लावून कुठून घेतलं, बेस काय सांगितला आणि कुठल्या महिन्यात घेतलं ते लिहा. चंदनावरचं अत्तर वर्षागणिक मुरत जातं, त्यामुळे यंदाची मिट्टी थोडी शिल्लक ठेवून पुढच्या जूनमध्ये नव्या मिट्टीशेजारी लावून बघा, ती तुलना सगळ्यात भारी.

गेंदा मी वापरतो, सुंदर असतं, आणि सुरुवातीचा हिरवा भाग लवकर जातो म्हणून दसऱ्याच्या सकाळी पूजेच्या आधीच लावा. फक्त त्वचेवर लावून उन्हात जायचं नाही. झेंडूच्या तेलात असे घटक असतात की ऊन लागलं तर त्वचा लाल होऊ शकते, काळे डाग पडू शकतात. फायाला लावून कानात ठेवू नका, तो पण त्वचेला लागतो. साडीच्या पदराच्या आतल्या कडेला लावा, पण आधी जुन्या कापडावर थेंब टाकून डाग बघा, गेंदा पिवळट असतो आणि रेशमावरचा डाग जात नाही.